जाड केले म्हणजे टिकते का?

प्रश्न : मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पिन, बिजागरी, स्प्रिंग काहीच न लावता नुसती वाकून काम करणारी यंत्रे असतात, असे वाचनात आले. मी प्लॅस्टिकच्या पट्टीतून एकसंध चिमटा कापून पाहिला. तो वाकतो तिथेच तुटला. जाड पट्टी घेतली, तर तो आणखी लवकर तुटला. असे का? आणि हा विषय शिकायला सुरुवात कुठून करावी?
— एक विद्यार्थी, वडनेर (ता. हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : तुमचा दुसरा चिमटा आधी तुटला, त्यातच या विषयाचे मर्म आहे. वर्गात आपण बहुतेक वेळा ठरलेल्या ओझ्याचे गणित सोडवतो. ओझे ठरलेले असले की जाडी वाढवून ताण कमी होतो आणि भाग टिकतो. चिमट्यात ठरलेले असते ते वाकणे. टोकाला टोक टेकेपर्यंत पात्याला वाकावेच लागते, आणि तेवढ्याच वाकण्यात जाड पात्याची बाहेरची बाजू जास्त ताणली जाते. जाडी दुप्पट केली की तेवढेच वाकवताना ताण दुप्पट होतो आणि जोर आठपट लागतो. उलट लांबी दुप्पट केली, तर ताण चौथ्या हिश्शावर येतो. म्हणून वाकणारा भाग तुटत असेल, तर तो आधी पातळ आणि लांब करून पाहावा.

तुमच्या गावावरून नागपूर–हैदराबाद महामार्ग जातो. धाब्यावर थांबलेल्या एखाद्या ट्रकचे पाटे नीट पाहा. एक जाडजूड पट्टी घालण्याऐवजी तिथे पातळ पात्यांची चळत बांधलेली असते. समजा, एका जाड पट्टीच्या जागी निम्म्या जाडीची, तेवढ्याच लांबी-रुंदीची आठ पाती ठेवली. घर्षण सोडले तर दोन्ही रचना ओझ्याखाली सारख्याच दबतील, पण पात्यांमधला ताण निम्मा असेल. पोलाद मात्र चौपट लागेल. ताठरता एक आणि बळकटी वेगळी, हे इथे डोळ्यांना दिसते. लवचिक यंत्रणा आखणाऱ्याला या दोन गोष्टी कायम वेगळ्या मोजाव्या लागतात.

पदार्थाची निवडही त्यावरच ठरते. साधे पोलाद आणि स्प्रिंगचे पोलाद वाकवायला जवळपास सारखाच जोर लागतो. पण स्प्रिंगचे पोलाद कितीतरी जास्त वाकूनही मूळ जागी परत येते. प्लॅस्टिकमध्ये पॉलिप्रॉपिलीन या कामाला चांगले. शाम्पूच्या बाटलीचे झाकण ज्या पातळ पापुद्र्यावर उघडते-मिटते, तो बहुधा याच प्लॅस्टिकचा असतो. पारदर्शक कडक पट्टी थोड्याशा वाकण्यातच तडकते.

आता एक प्रयोग करा. हॅकसॉचे लवचिक प्रकारचे ब्लेड व्हाइसमध्ये असे आवळा की २०० मिमी भाग बाहेर राहील. पूर्ण कडक ब्लेड घेऊ नका, ते फुटून उडते; डोळ्यांना चष्मा हवाच. टोकाच्या भोकात ५० ग्रॅमचे वजन अडकवा. ब्लेड १३ मिमी रुंद आणि ०.६५ मिमी जाड धरले, तर गणिताने टोक सुमारे २२ मिमी खाली यायला हवे. मग बाहेरचा भाग १०० मिमी ठेवा. तेच वजन आता जेमतेम पावणेतीन मिमी वाकवेल. तुमच्या ब्लेडची जाडी मायक्रोमीटरने मोजा, तुळईच्या वाकण्याच्या सूत्रात घाला आणि उत्तर ताडून पाहा.

पुढचा क्रम सांगतो. पदार्थबलशास्त्रातले तुळईचे वाकणे पक्के करा आणि चार दांड्यांच्या यंत्रणेची गती समजून घ्या. मग या दोन्हींना जोडणारी पद्धत शिका. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात अशोक मिधा आणि त्यांचे विद्यार्थी लॅरी हॉवेल यांनी ती घडवली. एका टोकाला घट्ट धरलेले पाते जणू एक ताठ दांडा आहे आणि तो पिन व स्प्रिंगवर फिरतो आहे, असे धरायचे. ती काल्पनिक पिन मोकळ्या टोकापासून लांबीच्या सुमारे ८५ टक्क्यांवर येते. मग मोठ्या वाकण्याचे किचकट गणितही ओळखीच्या यंत्रणेसारखे सुटते. हॉवेल यांचे २००१ सालचे ‘कम्प्लायंट मेकॅनिझम्स’ हे पुस्तक या पद्धतीचा पाया समजले जाते.

दुसरी वाट संगणकाची आहे: कुठे पदार्थ ठेवायचा आणि कुठून काढायचा, हे त्याच्याकडून शोधून घ्यायचे. या वाटेवर मोठे काम केलेले जी. के. अनंतसुरेश बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहेत. त्यांचा या विषयावरचा अभ्यासक्रम ‘एनपीटीईएल’वर आहे. वडनेरला बसून तो पाहता येईल.

या यंत्रणांना मर्यादाही आहेत. वाकणारा सांधा चाकासारखा गोल फिरत राहू शकत नाही. लावलेल्या जोरातला काही जोर पाते वाकवण्यातच जातो. हजारो वेळा वाकून भाग थकतो, आणि प्लॅस्टिक सतत वाकलेले ठेवले, तर वैदर्भीय उन्हाळ्यात त्याला तोच आकार बसतो. त्या बदल्यात सांध्यात फट नसते, झीज नसते, तेल घालावे लागत नाही. मोबाईल आडवा धरल्यावर चित्र फिरते, कारण आतल्या चिपमधला सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा बारीक लवचिक पात्यांवर हलतो. एवढ्याशा जागेत पिन बसवणे फार अवघड.

फट नसण्याचा फायदा शेतातही होईल. हाताने चालवायच्या टोकण यंत्राची चोच जमिनीत उघडते आणि बी सोडते. ओल्या काळ्या मातीत तिच्या पिनेत चिखल भरला की ती अडते. ती पिन काढून स्प्रिंगच्या पोलादाचे पातळ पाते लावता येईल का, हा तुमच्या प्रकल्पाचा विषय होऊ शकतो. चोच किती उघडायला हवी, ते आधी कपाशीचे बी हातात घेऊन ठरवा, त्यावरून पात्याची लांबी-जाडी काढा. मग पाते तुटेपर्यंत उघड-मीट करा आणि आकडा लिहून ठेवा. पुढचे पाते किती पातळ करायचे, ते त्या आकड्यावरून कळेल.