बाप्तिस्मा आत्ता की जाणतेपणी?

प्रश्न : माझं माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं. दोन्हीकडे ख्रिस्तीच, पण मंडळ्या वेगळ्या. आईने बाप्तिस्म्यासाठी शिवलेलं पांढरं झबलं पेटीत पडून आहे. सासरे म्हणतात, मुलगा जाणता झाल्यावर स्वतः ठरवेल. एकच प्रभू, मग ऐक्य कुठे आहे?

उत्तर : ताई, हा पेच जुना आहे. साताऱ्यात पूर्वी अमेरिकन मराठी मिशनच्या काँग्रिगेशनल मंडळ्या होत्या, तर सांगली-मिरजेकडे प्रेस्बिटेरियन. हे दोन प्रवाह १९२४ साली एका मंडळीत आले. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात त्या मंडळीसह सहा मंडळ्यांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यांत तान्ह्यांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि जाणत्यांनाच देणारे बाप्टिस्टही. बोलणी अनेक वर्षं चालली. अखेर दोन्ही रीती मान्य झाल्या. कुणी कुणाला हरवलं नाही, हेच मला त्यातलं मोलाचं वाटतं.

तुमच्या साताऱ्यातच १९१७ साली ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही. एकाच माणसाच्या जिवावर उभं राहिलेलं ऐक्य असंच विरतं. (घरातलंही.)

तेव्हा एकटीने झुंजू नका. दोन्हीकडच्या पाळकांना एकाच दिवशी जेवायला बोलवा. बाप्तिस्म्यावर एकमत होईपर्यंत बाळासाठी उपकारस्तुतीची प्रार्थना तरी दोन्ही घरांनी मिळून करावी. तारीख मात्र लवकर धरा, झबलं आखूड व्हायच्या आत.