चारवर चालतोय ना?

बारा वर्षं चाकणला लाइनवर डॅशबोर्ड जोडतोय, मग स्वतःच्या गाडीचा ब्लोअर बदलायला मेकॅनिक कशाला, असा माझा तोरा. आमच्याकडे डॅशबोर्ड स्टँडवर असतो, ब्लोअर उभ्या उभ्या बसतो. मोशीच्या पार्किंगमध्ये डोकं ग्लोव्हबॉक्सखाली, पाय दाराबाहेर, तोंडात टॉर्च आणि मागचा तिसरा स्क्रू हाताला लागेना, तेव्हा तोरा उतरला.

पंखा एक, दोन, तीनवर मेलेला. चारवर नुसता घोंगावायचा. भर पावसाळा, सकाळची शिफ्ट, तळेगाव चौकातली कोंडी आणि समोरची काच धुरकट. हीटर आपल्याकडे कोण लावतो म्हणा, पण हीटर, एसी, काच, सगळ्यांना हवा देणारा पंखा एकच. भंगारातून मोटर आणली, अख्खा रविवार घालून बसवली. पंखा पुन्हा चारवरच!

नॉबवाल्या गाडीत खालचे वेग रेझिस्टरमधून येतात. चारवर करंट थेट मोटरला. चारवर फिरतोय म्हणजे मोटर जिवंत आहे, रेझिस्टर गेलाय. चारवरही हलत नसेल, तर आधी फ्यूज बघा, मग मोटरच्या प्लगवर बारा व्होल्ट येतात का ते मीटरने तपासा. येत असतील तरच मोटरला दोष द्या.

मी नवा रेझिस्टर घातला. पंधरा दिवसांत तोही गेला. शेजारचे म्हणाले, "दादा, वायर टाकून डायरेक्ट करा की." हे मात्र कधीच करू नका. रेझिस्टरवरचा थर्मल फ्यूज फार तापलं की स्वतः तुटतो. त्याला बगल दिली तर पुढे वायरिंग जळतं. रेझिस्टर हवेच्या वाटेतच बसवतात, कारण त्याला गार ठेवते ती पंख्याचीच हवा. केबिन फिल्टर उपसला, तर एमआयडीसीची काळी धूळ, पिंपळाची पानं आणि उंदरानं कुरतडलेला फोम. चारवर आवाज मोठा आणि हवा बेताची, हे पहिल्याच दिवशी ध्यानात यायला हवं होतं. कनेक्टरही करपून तपकिरी झालेला, तोही बदलला.

हात घालण्याआधी बॅटरीची मायनस काढून थोडं थांबा. पिवळ्या वायरी एअरबॅगच्या, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

माझी मूळची, न बिघडलेली मोटर अजून डिकीतच आहे. परत बसवायची तर तो तिसरा स्क्रू पुन्हा काढावा लागेल.