बोंडअळीचे पंचांग

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरब हे कपाशीच्या पट्ट्यातील गाव. सीतादही होऊन पहिली वेचणी सुरू झाली, की या परिसरातील शेतकऱ्यांच्या बोलण्यात शेंदरी बोंडअळीचा विषय हमखास निघतो. बाहेरून हिरवेगार दिसणारे बोंड फोडावे, तर आत सरकी पोखरलेली, रुई डागाळलेली आणि मध्ये गुलाबी रंगाची लहानशी अळी! हा अनुभव २०१७ च्या हंगामात विदर्भातील गावोगावी आला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. फवारणाऱ्याच्या अंगावर मात्र तो पडतो. म्हणूनच ही अळी केव्हा वाढते, केव्हा थांबते आणि हे सारे कशाच्या हुकमाने घडते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

या किडीचे शास्त्रीय वर्णन साँडर्स यांनी १८४३ मध्ये केले, तेही १८४२ साली भडोचच्या कपाशीवर सापडलेल्या नमुन्यांवरून. अंडे, अळी, कोष आणि पतंग अशा तिच्या चार अवस्था. अळीची त्वचा ताणली जाण्याला मर्यादा असल्यामुळे वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर तिला कात टाकावी लागते. कात केव्हा टाकावयाची, हे संप्रेरके, म्हणजेच हार्मोन, ठरवितात. मेंदूतून निघालेला संदेश छातीच्या पुढील भागातील ग्रंथीला मिळतो, ती एक्डायसोन स्रवते आणि कात टाकण्याची क्रिया सुरू होते. हे द्रव्य किती अल्प प्रमाणात असते, याची कल्पना एका प्रयोगावरून येईल. जर्मनीतील बुटेनांट व कार्लसन यांनी १९५४ मध्ये रेशीमकिड्यांच्या ५०० किलो कोषांपासून ते वेगळे केले, तेव्हा हाती आले अवघे २५ मिलिग्रॅम.

परंतु कात टाकल्यावर पुन्हा अळीच राहावयाचे की कोषात जावयाचे, हा निर्णय दुसऱ्या संप्रेरकाचा. मेंदूमागील लहानशा ग्रंथीतून स्रवणाऱ्या या द्रव्याला बाल्यसंप्रेरक म्हणतात. ते पुरेसे असेपर्यंत अळी अळीच राहते. ते ओसरले की कोषाची तयारी सुरू होते. इंग्लंडमधील विगल्सवर्थ यांनी १९३० च्या दशकात रक्तशोषक ढेकणांवर प्रयोग करून हे दाखविले.

अळी आणि पतंग यांच्या शरीरात जनुके तीच असतात. फरक असतो तो कोणते जनुक केव्हा जागे होते याचा. क्लेव्हर व कार्लसन यांनी १९६० मध्ये एका माशीच्या अळीला एक्डायसोन टोचले, तेव्हा तिच्या गुणसूत्रांवर ठरावीक जागी फुगवटे आले. ती जनुके कामाला लागल्याची ती खूण होती. एक्डायसोन पेशीतील ग्राहक प्रथिनाला चिकटते आणि ही जोडी थेट जनुकांवर जाऊन बसते, हे पुढे स्पष्ट झाले. प्रथम मोजकी जनुके चालू होतात आणि त्यांची प्रथिने पुढील अनेक जनुके चालू वा बंद करतात. कलेक्टर कचेरीचा हुकूम तहसीलमार्गे चावडीवर पोचावा, तसे. बाल्यसंप्रेरक या साखळीत आडवे येऊन प्रौढपणाची जनुके रोखून धरते. गंमत अशी, की पतंग झाल्यावर हेच बाल्यसंप्रेरक अनेक कीटकांच्या मादीत अंड्यातील पोषक प्रथिनांची जनुके जागी करते.

मादी नराला बोलावते ती गंधाने. हा कामगंध संप्रेरकाहून वेगळा. तो शरीराबाहेर काम करतो. शेंदरी बोंडअळीचा कामगंध १९७३ मध्ये ओळखला गेला आणि शेतातील सापळ्यांत आज त्याचीच ल्युअर असते. हेक्टरी पाच सापळे लावावेत आणि सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ वा अधिक नर पतंग आल्यास उपाय योजावा, अशी शिफारस आहे. सापळा लावून तो मोजायचाच नाही, हा प्रकार मात्र बराच आढळतो.

आता फरदडीकडे वळू. जूनमध्ये या भागात दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकरा तासांच्या आत येतो. दिवस आखूड होणे, रात्री गार होणे व सरकी पक्व होणे या खुणांवरून काही अळ्या सुप्तावस्थेत जातात. अशा अळीचा मेंदू आपला संदेश रोखून धरतो, एक्डायसोन सुटत नाही आणि पूर्ण वाढलेली अळी जोडसरकीत कित्येक महिने पडून राहते. पाणी देऊन कपाशी डिसेंबरनंतर उभी ठेवली, तर उरलेल्या अळ्यांना नवी बोंडे मिळतात, पिढ्या चालू राहतात आणि सुप्त अळ्यांची शिल्लकही वाढते. दोन वेचण्यांचा तो कापूस पुढील हंगामात अनेकांना महाग पडतो.

बीटी वाणांवर भिस्त ठेवण्याचे दिवसही राहिले नाहीत. एक जनुकी बीटी २००२ मध्ये व द्विजनुकी बीटी २००६ मध्ये भारतात आली. पुढे शेंदरी बोंडअळी दोन्ही विषप्रथिनांना सरावली. बीटी विष अळीच्या आतड्यातील कॅडहेरिन प्रथिनाला चिकटते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतातील प्रतिकारक अळ्यांत या जनुकाच्या नकलेचे तुकडे जोडण्यातच बिघाड आढळला. चिकटण्याची जागाच सदोष झाल्यावर विषाचा उपयोग काय?

कडुनिंबाच्या निंबोळीतील अझाडिरॅक्टिन एक्डायसोनच्या कामात बिघाड आणते. म्हणून पाच टक्के निंबोळी अर्क उपयोगी. पण अळी बोंडात शिरण्यापूर्वीच. एकदा ती आत गेली की उपाय उरतो तो डिसेंबरअखेर पीक काढण्याचा, पऱ्हाटीचे ढीग बांधावर न ठेवण्याचा आणि जिनिंगच्या आवारात व घरात साठविलेल्या कापसाजवळ सापळे लावण्याचा. हे एका शेतकऱ्याने करून भागत नाही, कारण पतंगाला धुऱ्याची मर्यादा ठाऊक नसते. ग्रामसभेत तारीख ठरवून साऱ्या शिवाराने ते करावयाचे असते. अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या कपाशीतून ही कीड नाहीशी झाल्याचे जाहीर केले. तेथे बीटी वाण, कामगंध आणि वंध्य केलेल्या पतंगांचे प्रसारण यांच्या जोडीला पऱ्हाटी नष्ट करण्याचे कामही शेतकऱ्यांनी एकजुटीने केले होते.

उन्हाळा सरून हवेत ओलावा आला, की सुप्त अळीचा मेंदू पुन्हा संदेश सोडतो, कोष होतो आणि पतंग बाहेर पडतो. त्या वेळी शिवारात कपाशीला पात्या लागलेल्या असल्या, तर मादीची सोय होते. पेरणी पावसाबरोबर झालेली असली, तर कपाशी अजून दोन-चार पानांवर असते आणि त्या पतंगांची पिढी अळ्यांना खाद्य न मिळाल्याने पुढे सरकत नाही.