झाडांचा चीक : औषध कोणतें व विष कोणतें

हद्दीच्या वादांत मोजणीस गेलेल्या मनुष्यास शेराची ओळख जितकी जवळून होते, तितकी ती वैद्यासही होत नसेल. साष्टींतील जुन्या बांधांवर शेर किंवा थोर लावण्याची रीत असे. गुरें त्यास तोंड लावीत नाहींत, हें त्याचें कारण. अशाच एका मोजणीच्या वेळीं खुणेचा दगड उघडा करण्यासाठीं एका गड्यानें शेरावर कोयता चालविला, आणि चिकाचा शिंतोडा त्याच्या डोळ्यांत उडाला. मोजणी तेथेंच थांबली. विहिरीचें पाणी डोळ्यांवर घालीत त्यास इस्पितळांत न्यावें लागलें; आठ दिवस त्यास उजेड सोसेना. त्याच सायंकाळीं शेजारच्या एका म्हातारीनें आम्हांस सांगितलें कीं, शेराचा चीक चामखिळीवर फार गुणकारी. जो चीक डोळा जाळतो तोच चामखीळ जाळतो, एवढाच त्या गुणाचा अर्थ. तरीपण चिकांत खरीं औषधी द्रव्यें आहेत, आणि आपल्या बांधावर काय उभें आहे हें कास्तकारास ठाऊक असणें जरूर आहे.

चीक म्हणजे झाडाचा जीवनरस, अशी समजूत आहे. ती बरोबर नव्हे. मुळांकडून वर जाणारें पाणी व पानांकडून खालीं येणारा अन्नरस यांचे मार्ग निराळे, आणि चिकाच्या नळ्या त्यांहून निराळ्या. त्यांत चीक दाबाखालीं भरलेला असतो. म्हणून ओरखडा पडतांच तो बाहेर धांवतो व थिजून जखम बुजवितो. परंतु त्याचें मुख्य काम राखणदाराचें होय. जपानांतील कोन्नो नांवाच्या संशोधकानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं इ. स. २००४ मध्यें यावरील प्रयोग प्रसिद्ध केला. पपईचीं पानें एरंडीवरील रेशमाच्या अळ्यांस घातलीं, तेव्हां कांहीं मेल्या व कांहींची वाढ खुंटली. तींच पानें चीक धुऊन काढून घातल्यावर मात्र त्या सुखानें वाढल्या.

अळी मारणारें तें द्रव्य म्हणजे पपेन. हें नांव फ्रान्समधील वुर्ट्झ व बूशू यांनीं इ. स. १८७९ मध्यें दिलें. पपेन प्रथिनें तोडतें. वांद्र्याच्या पुष्कळ घरांत निबर मटणास कच्च्या पपईचा कीस चोळून ठेवतात, तें याच गुणासाठीं. पिकल्या पपईनें तें काम होत नाहीं, कारण फळ पिकतांना चीक ओसरत जातो. पाचक औषधांत पपेन घालतात तेंही याच तत्त्वावर.

चीक काढावयाचा तो पुऱ्या वाढलेल्या परंतु हिरव्या फळाचा; फळ सुमारें अडीच ते तीन महिन्यांचें असावें. सकाळीं दहाच्या आंत, उन्हें चढण्यापूर्वीं, देठाकडून खालीं तीन-चार उभ्या रेघा ओढाव्या. त्यांची खोली एक दशांश इंचाच्या आसपास असावी. अधिक खोल गेल्यास फळ सडतें. पातें गंजणाऱ्या लोखंडाचें नसावें. बांबूची कांब किंवा न गंजणारें पोलाद चालतें. चीक कांचेच्या अगर चिनी मातीच्या भांड्यांत धरावा, कारण लोखंडाच्या संसर्गानें तो काळवंडतो व त्याची शक्ति जाते. चार ते सात दिवसांच्या अंतरानें तेंच फळ पुन्हां चिरतां येतें. धरलेला चीक त्याच दिवशीं पन्नास ते पंचावन्न अंश सेंटिग्रेड उष्णतेवर वाळवून हवाबंद ठेवावा. जास्त तापविल्यास पपेन मरतें व हातांत नुसती पूड उरते.

जळगांव, धुळें, नंदुरबार या जिल्ह्यांत पपई मोठ्या प्रमाणावर होते, आणि हा जोडधंदा मनांत घेणारे तेथें निघतील. त्यांस इतकेंच सांगणें कीं, गिऱ्हाईक ठरल्यावांचून एकही फळ चिरूं नये. घेणारा केवळ वजन पाहत नाहीं, पपेनाची शक्ति तपासून भाव देतो. आणि चिरलेलें फळ खाण्यास चांगलें असलें तरी त्यावरील व्रण पाहून बाजारांत त्याचा भाव उतरतो. तीं फळें टुटीफ्रुटी करणाऱ्यांस देण्याची सोय आधींच लावावी. वाळलेली पूड हाताळतांना नाकातोंडावर फडकें बांधावें. या धुळीनें कामकऱ्यांस दमा जडल्याचे दाखले आहेत.

थोराच्या चिकाची गोष्ट मला सर्वांत उद्बोधक वाटते. वैद्यकांत त्यास स्नुही म्हणतात. भगंदरावर वापरावयाचें क्षारसूत्र करतांना दोऱ्यास प्रथम नुसत्या थोराच्या चिकाचे अकरा लेप, मग चीक व आघाड्याचा क्षार यांचे सात, आणि शेवटीं चीक व हळद यांचे तीन, असे एकवीस लेप देतात. प्रत्येक लेप वाळल्यावरच पुढचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें याची शस्त्रक्रियेशीं तुलना केली व १९९१ मध्यें फल प्रसिद्ध केलें. दोऱ्यानें बरें होण्यास सुमारें आठ आठवडे लागले व शस्त्रक्रियेनें चार. परंतु रोग उलटण्याचें प्रमाण दोऱ्याकडे शेंकडा ४, तर शस्त्रक्रियेकडे ११ होतें. तरी हें काम शिकलेल्या वैद्याचेंच आहे. घरीं दोरा माखून बांधणें म्हणजे शुद्ध वेडेपणा.

परदेशांतील अनुभवही दुहेरी आहे. पपईच्याच चिकांतील कायमोपपेन मणक्यांमधील सरकलेल्या चकतीवर टोंचण्यास अमेरिकेंत १९८२ मध्यें मान्यता मिळाली; पण कांहीं रोग्यांस त्याचें जिवावर बेतणारें वावडें निघालें, आणि २००३ मध्यें तेथील विक्री थांबली. थोराच्या कुळांतील एका लहान तणाच्या चिकांतून काढलेलें इंजेनॉल मेब्युटेट कातडीच्या विकारावर २०१२ मध्यें मान्य झालें. तें लावलेल्या जागींच कर्करोग होत असल्याची शंका येऊन युरोपांत २०२० मध्यें त्याचा परवाना गेला.

रुईबद्दल थोडें. मारुतीस शनिवारीं वाहण्यासाठीं मुलें रुईचीं पानें खुडतात. तिच्या चिकांत हृदयावर परिणाम करणारीं विषारी द्रव्यें आहेत. शिवाय हा चीक डोळ्यांत गेल्यास पुष्कळदां ठणका लागत नाहीं, नुसतें धुकें दिसूं लागतें, म्हणून मनुष्य गाफील राहतो. शेर असो, थोर असो वा रुई असो, डोळ्यांत चीक जातांच पाव तासाहून कमी नाहीं इतका वेळ स्वच्छ पाण्याची धार सोडावी, डोळा चोळूं नये, तूप किंवा दूध घालूं नये, आणि ठणका नसला तरी त्याच दिवशीं नेत्रवैद्य गांठावा.