सोनेरी टब आणि एक रात्र

गाडी हातात आली तेव्हा तिच्या पोटावर काळ्या मार्करनं ७ लिहिलेला होता. तो आकडा आता नाही. तो कसा गेला, ते आधी सांगतो, कारण बाकीच्या बहुतेक चुका पैसे मोजून दुरुस्त झाल्या. ही झाली नाही.

कॅलिफोर्नियात, ऑरेंज काउंटीत आम्ही राहतो. दोन गल्ल्या सोडून एका आजींनी घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं. टेबलाखालच्या खोक्यात, बागकामाच्या हातमोज्यांखाली सोनेरी ॲल्युमिनियमची एक कड चमकली आणि मी तिथेच खाली बसलो. ती आरसी-१० होती. १९८४ साली टीम असोसिएटेडनं आमच्या शेजारच्या कोस्टा मेसात काढलेली, रेडिओवर चालणारी, खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाची शर्यतीची बग्गी. रॉजर कर्टिस यांनी ती शर्यतीचं यंत्र म्हणूनच आखली होती. विमानाला वापरतात तसल्या ॲल्युमिनियमचा टबासारखा सांगाडा, चारही चाकांना तेलाचे शॉक ॲब्सॉर्बर, चाकं धरणारे नायलॉनचे पांढरे आर्म. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, इथून तास-दीड तासावरच्या डेल मारला या मापाच्या मातीतल्या गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि जे हॉल्सी यांनी टू-व्हील ड्राइव्हचं अजिंक्यपद याच मॉडेलच्या गाडीवर जिंकलं. शाळेत असताना सांगलीला एका परदेशी मासिकात मी हिचं चित्र पाहिलं होतं. ते पान कितीतरी दिवस माझ्या वहीत होतं.

“माझा मुलगा दर शनिवारी हिला घेऊन जायचा,” आजी म्हणाल्या. मी पैसे दिले आणि जवळजवळ धावतच घरी आलो.

त्याच रात्री मी गाडी पूर्ण खोलली. टबावर चाळीस वर्षांचं तेल, माती आणि मेणासारखं घट्ट झालेलं ग्रीस होतं. घरात ओव्हन साफ करायचं एक जालीम द्रावण होतं. त्यात टब बुडवला आणि झोपायला गेलो. सकाळी पाहिलं तर सोनेरी रंग गेलेला, टब करडा, डागाळलेला, आणि पोटावरचा ७ पुसलेला.

ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमवरचा रंग हा वरून दिलेला हात नसतो. धातूवर ऑक्साइडचा पातळ थर वाढवतात आणि त्याच्या सूक्ष्म छिद्रांत रंग मुरवतात. तीव्र अल्कली तो थरच विरघळवते, मग रंगाला धरून ठेवायला काही उरत नाही. भांडी धुण्याच्या यंत्रातली पावडरही हेच करू शकते. म्हणून कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, मऊ टूथब्रश, आणि लगेच कोरडं पुसायचं, एवढंच करा. ग्रीस निघत नसेल तर कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, तेही आधी आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघा. पॉलिकार्बोनेटच्या बॉडीला ॲसिटोन मात्र कधीही लावू नका. ती जागच्या जागी पांढरी पडून तडकते. आणि या सगळ्याच्या आधी गाडीचे फोटो काढा. वरून, खालून, प्रत्येक तार कुठून कुठे जाते त्याचे. मी एकही काढला नव्हता.

दुसरी चूक हत्यारांची. माझ्याकडचे सगळे ॲलन की मिलिमीटरचे होते आणि ही गाडी इंचांत बांधलेली आहे. एक-षोडशांश इंचाच्या खाचेत दीड मिलिमीटरची की जाते, बसल्यासारखीही वाटते, पण किंचित सैल असते. घट्ट बसलेला स्क्रू फिरवला की खाच गोल होते. तीन स्क्रू मला ड्रिलनं काढावे लागले. त्यांच्या जागी तीन मिलिमीटरचे स्क्रू बसवले, तेव्हा आणखी नुकसान झालं. मूळ स्क्रूला इंचात ४० आटे, म्हणजे ०.६३५ मिलिमीटरचं अंतर. माझ्या स्क्रूचं अंतर ०.५. पहिला आटा पकडला, दुसऱ्यापासून मऊ ॲल्युमिनियम कापत गेला. इंची ॲलन कीचा चांगला संच आधी घ्या. अडलेल्या स्क्रूला सोल्डरिंग आयर्नच्या टोकानं थोडी ऊब द्या, मग एका दमात, सरळ दाब देऊन फिरवा.

नायलॉनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बरेच जण इथे फसतात. पांढरे आर्म दिसायला धडधाकट होते. पहिल्याच छोट्या उडीनंतर मागचा डावा आर्म बिस्किटासारखा तुटला. नायलॉन हवेतलं पाणी शोषतं आणि त्या ओलाव्यामुळेच लवचीक राहतं. इथल्या कोरड्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं पडून ते ठणठणीत वाळतं. उरलेले तीन आर्म मी उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवले, त्याच पाण्यात थंड होऊ दिले. दोन चांगले चिवट झाले. तिसरा उन्हानं पिवळा पडला होता, तो नंतर तुटलाच. उन्हानं खाल्लेलं प्लास्टिक पाण्यानं परत येत नाही. कंपनीनं २०१३ मध्ये ही गाडी पुन्हा काढली, तेव्हापासून पळवण्यासाठी नवे भाग मिळवणं सोपं झालं आहे. जुने टिकलेले भाग कपाटात ठेवा.

शॉकमधलं तेल आणि रबरी ओ-रिंग बदला, बेअरिंग धुऊन हलकं तेल द्या, कडक झालेले टायर पळवू नका. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर ती निकेल-कॅडमियम बॅटरी हातमोजे घालून उचला आणि घातक कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. कॅडमियम विषारी आहे.

नवी बॅटरी मी लिथियम-पॉलिमरची घेतली. वजनाला हलकी, जोरकस. पण गाडीतला जुना स्पीड कंट्रोलर तिच्यासाठी नव्हता. या बॅटरीचा प्रत्येक सेल तीन व्होल्टच्या खाली गेला की बिघडतो, आणि जुना कंट्रोलर तिथे थांबत नाही, शेवटच्या थेंबापर्यंत ओढत राहतो. बॅटरी उशीसारखी फुगली. सुदैवानं पेटली नाही. जुनी इलेक्ट्रॉनिक्स ठेवायची असतील तर सहा सेलची, ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीच वापरा.

आता जे घडलं ते लिहिताना अजूनही हात थांबतो. गाडी अस्सल राहावी म्हणून मी रेडिओचा रिसीव्हरही जुनाच ठेवला होता. मोटरचे ब्रश झिजलेले, ठिणग्या उडत होत्या, आणि ठिणग्यांचा रेडिओला होणारा त्रास अडवणारे कपॅसिटर कधीच तुटून गेले होते. रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी माझं ऐकेनाशी झाली. ट्रिगर सोडला तरी ती पूर्ण वेगानं सरळ सुटली. पलीकडे शेजाऱ्यांचा चार वर्षांचा मुलगा वाकून चेंडू उचलत होता. दीड किलोच्या आसपासचं धातूचं यंत्र त्याच्यापासून हातभर अंतरावर कठड्याला आपटलं. त्याच्या आईनं त्याला उचललं. ती मला काहीच बोलली नाही. मी तिची माफी मागितली, आणि पुढचे दोन महिने गाडीला हात लावला नाही.

अस्सलपणाचा हट्ट इथे सोडा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. २.४ गिगाहर्ट्झचा नवा रेडिओ लावा आणि त्यात सिग्नल तुटल्यावर मोटर बंद होईल अशी व्यवस्था करून घ्या. मग चाकं जमिनीपासून उचलून, मोटर फिरत असताना ट्रान्समीटर मुद्दाम बंद करा. चाकं थांबली तरच गाडी खाली ठेवा. सुरू करताना ट्रान्समीटर आधी, गाडी नंतर. बंद करताना गाडी आधी. मोटरवर ०.१ मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर डाग देऊन बसवा: एक दोन्ही टोकांमध्ये, उरलेले दोन प्रत्येक टोकापासून मोटरच्या पत्र्याला. आणि जिथे मुलं येऊ शकतात तिथे पळवूच नका. मी आता फक्त आखलेल्या ट्रॅकवर जातो, जिथे बघणारे कठड्याच्या मागे उभे असतात.

गाडी नीट चालायला लागल्यावर आजींना दाखवायला घेऊन गेलो. त्यांच्या दारासमोरच्या लांब फरसबंद वाटेवर, फाटक लावून, हळू पळवली. त्या हसल्या, मग गाडी हातात घेऊन उलटी केली आणि विचारलं, “सात कुठे गेला?”

मी खरं ते सांगितलं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, पहिल्यांदा अंतिम फेरीत पोचला त्या दिवशी मुलानं तो लिहिला होता, सातवा आला म्हणून.

नवा सोनेरी टब विकत मिळू शकतो. मी घेतलेला नाही. करड्या टबावर ७ पुन्हा लिहिलेलाही नाही; ते अक्षर माझं झालं असतं. आता कुणी जुनी गाडी दुरुस्तीला आणली, की स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी मी ती उलटी करतो, दिव्याखाली धरतो आणि पोटाचा फोटो काढतो.