धुराड्यातील मुले

मुलांनो, एक फूटपट्टी घ्या आणि जमिनीवर १४ इंच लांब व ९ इंच रुंद असा चौकोन आखा. एवढ्या जागेतून तुम्हांला वर चढता येईल काय? एके काळी इंग्लंडमधील कित्येक मुले अशाच जागेतून चढत असत. आणि तीही अंधारात.

इंग्लंड हा थंड हवेचा देश. तेथे पूर्वी खोलीखोलीत कोळशाची शेगडी पेटलेली असे आणि तिचा धूर भिंतीतून वर गेलेल्या धुराड्यावाटे बाहेर पडे. धुराड्यात काजळी साचे. ती वेळोवेळी काढली नाही, तर एखादे दिवशी धुराडेच पेट घेई. परंतु ही धुराडी इतकी अरुंद आणि वळणावळणाची असत की, मोठ्या माणसाला आत शिरणे अशक्यच. म्हणून धुराडी झाडणारे कारागीर लहान मुलांना कामाला लावीत. पाच-सहा वर्षांची पोरकी किंवा अतिशय गरीब घरची मुले 'शिकाऊ' म्हणून त्यांच्या स्वाधीन केली जात.

पाठ, कोपरे आणि गुडघे भिंतींना टेकवून सुरवंटासारखे इंचाइंचाने वर सरकायचे, आणि डोक्यावर धरलेल्या ब्रशाने काजळी पाडायची. ती पडे आपल्याच डोळ्यांत व तोंडात. गुडघे सोलवटून निघत. ते निबर व्हावेत म्हणून मालक त्यांवर मिठाचे पाणी चोळून मुलाला विस्तवाजवळ उभे करी! रात्री पांघरायला काजळीचीच पोती. ती काजळी मात्र वाया जात नसे. खत म्हणून ती शेतकऱ्यांना विकली जाई. या काजळीमुळे धुराडी झाडणाऱ्यांना पुढे कर्करोग होतो, असे पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने १७७५ सालीच लिहून ठेवले होते.

कायदे झाले नाहीत, असे नाही. आठ वर्षांखालील मुलास शिकाऊ ठेवू नये, असे १७८८ च्या कायद्याने ठरविले. १८४० च्या कायद्याने तर एकवीस वर्षांखालील कोणासही धुराड्यात चढविण्यास मनाई केली. तरीही मुले चढतच राहिली, कारण कायदा पाळला जातो की नाही, हे पाहणारा कोणी नव्हता. दांड्याला दांडा जोडून लांब करता येणारा ब्रश १८०३ सालापासून उपलब्ध होता. पण त्याने गालिचे खराब होतात, धुराडी सुधारण्यास खर्च येतो, अशा सबबी घरमालक सांगत. गालिच्याची केवढी ही काळजी!

फेब्रुवारी १८७५ मध्ये केंब्रिजजवळच्या फुलबर्न येथील मनोरुग्णालयाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर नावाचा अकरा वर्षांचा मुलगा अडकला. भिंत फोडून त्याला बाहेर काढले. परंतु थोड्याच वेळात त्याचे प्राण गेले. त्याच्या मालकास सहा महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली.

लॉर्ड शाफ्ट्सबरी हे या मुलांसाठी अनेक वर्षे झगडत होते. जॉर्जचा मृत्यू पुढे ठेवून त्यांनी त्याच वर्षी पार्लमेंटकडून नवा कायदा करवून घेतला. धुराडी झाडणाऱ्या प्रत्येकाने आता दरवर्षी पोलिसांकडून परवाना घ्यावा, आणि कायदा पाळला जातो की नाही हे पोलिसांनी पाहावे, असे त्यात होते. एवढी एक तरतूद झाली, आणि मुलांचे चढणे थांबले.

२०२५ साली, दीडशे वर्षांनंतर, फुलबर्नच्या त्या रुग्णालयात जॉर्जच्या नावाची निळी पाटी लावण्यात आली.