नदीच्या शुद्धीचे गणित

काशीच्या दशाश्वमेध घाटावर उभे राहिले असता गंगा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहताना दिसते. एका बाजूस अहिल्याबाईंचा घाट आहे, तर दुसऱ्या बाजूस मानमंदिर, जेथे सवाई जयसिंहाने ग्रहगती मोजण्याची यंत्रे उभारली. ग्रहांच्या गतीस गणित लागू पडते, हे सर्वमान्य आहे. परंतु ज्या पाण्यात असंख्य सूक्ष्मजंतू जगतात व मरतात, त्या नदीच्या जीवनासही ते लागू पडेल काय?

वाहते पाणी आपोआप शुद्ध होते, अशी जुनी समजूत आहे, आणि तीत तथ्यही आहे. सांडपाण्याबरोबर आलेले सेंद्रिय द्रव्य हे सूक्ष्मजंतूंचे अन्न होय. ते पचविताना जंतू पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्च करतात, आणि हवेतून नवा प्राणवायू पाण्यात शिरत राहतो. हा एक जमाखर्चच आहे. अमेरिकेतील ओहायो नदीचा अभ्यास करून स्ट्रीटर व फेल्प्स यांनी १९२५ साली तो समीकरणात मांडला. अशा मांडणीस गणिती प्रतिकृती म्हणतात.

या प्रतिकृतीत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. एक, द्रव्य जितके शिल्लक असेल त्या प्रमाणात ते कुजते. दुसरी, प्राणवायूची तूट जितकी असेल त्या प्रमाणात ती भरून येते.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ३० अंश सेल्सिअस तापमानास दर लिटर पाण्यात सुमारे ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. समजा, आरंभी तूट १ मिलिग्रॅम आहे, आणि आलेले द्रव्य पूर्ण कुजण्यास १२ मिलिग्रॅम प्राणवायू लागेल. रोज शिल्लक द्रव्याचा पाचवा हिस्सा कुजतो व त्या दिवशीच्या आरंभीच्या तुटीपैकी तीन दशांश भरून येते, असे मानू. पहिल्या दिवसाअखेर तूट १ + २.४ − ०.३ = ३.१ होईल. याच रीतीने दुसऱ्या दिवशी ती ४.०९, तिसऱ्या दिवशी सुमारे ४.४ होईल, आणि तेथून उतरू लागेल. म्हणजे तिसऱ्या दिवशी प्राणवायू अवघा ३.१ मिलिग्रॅम उरेल. स्नानास योग्य पाण्यात तो किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा आपल्या देशातील दंडक आहे.

यावरून पहिला बोध असा की, नदीची दशा सर्वांत वाईट होते ती नाला मिळतो त्या जागी नव्हे. प्रवाहाचा वेग सेकंदास ०.३ मीटर मानला, तर पाणी दिवसास सुमारे २६ किलोमीटर जाते. तेव्हा नाल्याचे पूर्ण फळ सुमारे ७८ किलोमीटर खालच्या गावास भोगावे लागेल. नाला वाहतो एका गावाचा आणि मासे मरतात दुसऱ्या गावाचे.

दुसरा बोध अधिक आशादायक आहे. द्रव्याचा भार १२ ऐवजी ६ असता, तर सर्वांत मोठी तूट सुमारे २.४ च राहिली असती व प्राणवायू ५.१ च्या खाली गेला नसता. नदीस शुद्धीची शक्ती आहे, परंतु त्या शक्तीस मर्यादा आहे, आणि ती मर्यादा मोजता येते.

मात्र प्रतिकृती म्हणजे नदी नव्हे. कुजण्याचा वेग तापमानाबरोबर बदलतो. पावसाळ्यातील पूर व उन्हाळ्यातील मंद प्रवाह यांस एकच आकडा चालत नाही. म्हणून घाटोघाटचे पाणी वर्षभर तपासावे लागते. काशीतील जलशास्त्राचे प्राध्यापक व संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र यांनी १९८२ साली संस्था स्थापून तुळसी घाटावरून हे काम चालविले. नदीवरील श्रद्धा आणि नदीचे मोजमाप यांत त्यांना विरोध दिसला नाही.

आणखी एक सावधगिरी हवी. प्राणवायूचा हिशेब रोगजंतूंविषयी काहीच सांगत नाही. गंगा व यमुना यांच्या पाण्यात पटकीचे जंतू लवकर मरतात, असे हँकिन यांनी १८९६ साली दाखविले. तरीही मलमिश्रित पाणी त्यामुळे निर्धोक ठरत नाही. मलजन्य जंतूंची वेगळी गणना करावीच लागते.

विद्यार्थ्यांनी भार ९ धरून वरील हिशेब स्वतः करावा आणि प्राणवायू ५ च्या खाली जातो काय, ते पाहावे. आपल्या गावच्या नदीस किती भार सोसेल, हा प्रश्न विचारण्याची तीच पहिली पायरी होय.